मुका रुग्ण, बोलका मालक

ज्या वैद्यकात रुग्ण बोलत नाही आणि रुग्णाखेरीज बाकी सगळे बोलतात, त्याला पशुवैद्यक म्हणतात. या शास्त्रातली अध्यापन, संशोधन आणि उपचार ही तीन कामे विद्यापीठाच्या एकाच आवारात चालतात. तिन्ही कामांचे भांडवल एकच असते: खोड्यात उभी असलेली, घास न घेणारी आणि त्याबद्दल अवाक्षर न काढणारी म्हैस. तिच्यात विद्यार्थ्याला धडा दिसतो, संशोधकाला नमुना दिसतो, डॉक्टरला आजार दिसतो आणि मालकाला सोसायटीचे कर्ज दिसते. म्हशीला यांच्यात काय दिसते, हे कळण्याची सोय अजून झालेली नाही.

हिंगोली जिल्ह्याला हे शास्त्र नवे नाही. निजामाच्या काळात विदर्भाच्या सीमेवरचे हिंगोली गाव लष्करी ठाणे होते. फौजेबरोबर माणसांचा दवाखाना आला, तसा जनावरांचाही आला. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावे शहरात अजून चालतात. रिसाला म्हणजे घोडदळ. घोडे गेले, दळ गेले, नाव राहिले आणि दुखणी बैलांकडे आली.

१९७२ साली परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याची वाटणी झाली. त्यात औंढ्याचा नागनाथ, नरसीचे नामदेव, वसमतची हळद आणि कयाधू नदी हिंगोलीकडे आली. महाविद्यालय परभणीला राहिले. भाऊ वेगळे झाले की थोरल्याकडे विहीर राहते आणि धाकट्याला पाण्याची पाळी मिळते, तशी ही सोय आहे. २००० साली नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि महाविद्यालय त्याच्या छत्राखाली गेले. त्यामुळे सेनगाव तालुक्यातली गाय आजारी पडली, की गाय शेतात असते, तज्ज्ञ परभणीला असतात, तज्ज्ञांचे विद्यापीठ नागपूरला असते आणि घटसर्पाची लस पुण्याच्या औंधला असते, कारण लस तयार करणारी सरकारी संस्था तिथे आहे. औंध आणि औंढा यांच्यात एका अक्षराचा फरक. बर्फाच्या पेटीतून निघालेल्या लशीला मात्र त्या एका अक्षरासाठी निम्मा महाराष्ट्र ओलांडावा लागतो, आणि तोही पावसाळ्याच्या आत.

अध्यापनाची सुरुवात नीटच्या निकालापासून होते. वर्गातले बरेच जण माणसांचे डॉक्टर व्हायला निघालेले असतात आणि थोड्या गुणांनी जनावरांच्या दारात उतरलेले असतात. पहिले वर्ष याच दुःखात जाते. हे दुःख पुसण्याचे काम शरीररचनाशास्त्र करते, कारण रडायला वेळ राहत नाही. माणसांच्या डॉक्टरला एकच प्राणी शिकायचा असतो, आणि तोही घरचाच. इथे गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, डुक्कर, कुत्रा, मांजर आणि कोंबडी असा सगळा बारदाना आहे, आणि यांतल्या कोणीही दुसऱ्यासारखे असायचे नाही असे ठरवलेले आहे. घोड्याला पित्ताशय नाही आणि त्याला उलटी करता येत नाही. कोंबडीला मूत्राशय नाही. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत, पण पोटाचे कप्पे चार आहेत. परीक्षेत विद्यार्थी घाईत घोड्याला पित्ताशय देतो, आणि परीक्षक ते लाल शाईने काढून घेतो. ही शस्त्रक्रिया दरवर्षी अनेकदा होते आणि घोड्याला तिचा पत्ताही लागत नाही.

दातांवरून वय ओळखणे हा दुसरा धडा. सुमारे दोन वर्षांच्या वयाला दूधदात पडून पहिली जोडी येते आणि पाचव्या वर्षाच्या आसपास चारही जोड्या पुऱ्या होतात. पुस्तकात याला आकृत्यांची पाने लागतात. आठवडी बाजारातला व्यापारी बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढतो आणि 'आदत', 'दोन दाती', 'चार दाती', 'जुळला' यांपैकी एक शब्द टाकून मोकळा होतो. विद्यार्थी पहिल्यांदा तोच ओठ ओढतो तेव्हा बैल विद्यार्थ्याचे वय ओळखतो.

तिसरा धडा खांद्यापर्यंत येणाऱ्या प्लास्टिकच्या हातमोज्याचा. गाय गाभण आहे की नाही, हे गुदमार्गातून हात घालून गर्भाशय चाचपून सांगायचे असते. शिक्षक बाहेर उभे राहून विचारतात, "काय लागतंय?" विद्यार्थ्याला जे लागत असते त्याचे वर्गात वर्णन करण्याची पद्धत नाही. हळूहळू बोटांना डोळे फुटतात आणि पदवीच्या अखेरीस तो दोन-अडीच महिन्यांचा गर्भ अंधारात ओळखू लागतो. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता इतकी तपश्चर्या करून तो गावी जातो, तेव्हा गाव त्याला 'ढोर डॉक्टर' म्हणते. समासाचा विग्रह 'ढोरांचा डॉक्टर' असा करायचा असतो. स्थळ पाहायला आलेले पाहुणे तो वेगळा करतात.

भाषेचा प्रश्न याच सुमाराला उभा राहतो. विद्यार्थी आजार इंग्रजीत पाठ करतो आणि मालक ते मराठीत घेऊन येतो. पुस्तकातला 'बोव्हाईन इफेमरल फीवर' गोठ्यात 'तिवा' असतो. पुस्तकातल्या नावावरून काही कळत नाही. गोठ्यातले नाव दुखणे तीन दिवसांचे आहे हेही सांगून जाते. कोवळी, पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी खाऊन जनावर तडफडू लागले की पुस्तकात ती सायनाइडची विषबाधा असते, शेतकऱ्याच्या तोंडी 'किरळ लागली' असते. जार अडकला, मायांग बाहेर आले, गाय उलटली, फऱ्या झाला, ही सगळी निदाने मालक घरूनच करून आणतो. उलट पुस्तकवाल्यांनी 'मिल्क फीवर' नावाचा एक ज्वर केला आणि त्याचे मराठीत 'दुग्धज्वर' केले. त्या आजारात गाईला ताप नसतो. तिचे अंग थंड पडते. नाव ठेवताना गोठ्यात विचारले असते तर ही चूक टळली असती.

आता उपचार. चिकित्सालयात रुग्ण एकटा येत नाही. म्हैस 'छोटा हत्ती' नावाच्या टेम्पोतून येते. प्राणिशास्त्राला या प्रवासाबद्दल काही म्हणता येत नाही. तिच्याबरोबर मालक, मालकाचा मेहुणा, शेजारी, शेजाऱ्याला गाडीत जागा दिसली म्हणून आलेला एक गृहस्थ आणि मोबाइलवर चित्रीकरण करणारा मुलगा असे पाच जण उतरतात. केसपेपरवर मालकाचे नाव लिहिले जाते, त्यामुळे कागदोपत्री पोटफुगी मालकाला झालेली असते.

मग इतिहास घेतला जातो.

"कधीपासून खात नाही?"

"कालपासून."

"परवापासून," मेहुणा म्हणतो.

"बाजार झाल्यापासून," शेजारी म्हणतो. बाजार रविवारी झालेला असतो.

"घरी काही औषध दिलं का?"

"काहीच नाही, साहेब."

हा प्रश्न तीनदा विचारण्याचा संकेत आहे. दुसऱ्यांदा विचारल्यावर गोडेतेल निघते. तिसऱ्यांदा विचारल्यावर हळद, ताक, हिंग, गावच्या जाणत्याचा काढा आणि पोटावर दिलेला डाग असा ऐवज बाहेर येतो. तेल नळ्याने घाईत पाजले तर ते ठसका लागून फुप्फुसात उतरते, आणि पोटफुगीच्या रुग्णाला न्यूमोनियाची जोड मिळते. मालक खोटे बोललेला नसतो. डॉक्टरने 'औषध दिलं का' असे विचारलेले असते, आणि मालकाच्या हिशेबात हे औषध नव्हे, घरचे असते. हळदीच्या बाजारपेठेच्या जिल्ह्यात हळदीला औषध म्हणायचे तर सगळे कोठार दवाखान्यात जमा करावे लागेल.

या प्रसंगी पैठणच्या रेड्याची आठवण अपरिहार्य आहे. ज्ञानेश्वरांनी त्याच्या मुखातून वेद वदवले, असे परंपरा सांगते. सगळ्या ज्ञात इतिहासात बोललेला गोवंशाच्या नात्यातला एवढा एकच प्राणी, आणि तोही प्रकृतीविषयी काही बोलला नाही. रवंथ कधीपासून बंद आहे, शेण कसे पडते, पोट कोणत्या बाजूला दुखते, इतके जरी सांगितले असते तरी पशुवैद्यकीय चिकित्सा विभागाने त्याची तसबीर लावली असती.

रुग्ण बोलत नसल्यामुळे त्याला मोजावे लागते. थर्मामीटर मागून लावतात. गाईचे नेहमीचे तापमान साधारण १०१.५ अंश फॅरेनहाइट असते, शेळीचे त्याहून थोडे जास्त, कोंबडीचे १०६-१०७. डॉक्टर "एकशे एक" म्हणून समाधानाने मान हलवतात आणि मालकाचा चेहरा उतरतो, कारण एवढ्या तापात त्याच्या घरी पोराला शाळेला पाठवत नाहीत. कोंबडीचा आकडा मालकाला शक्यतो सांगत नाहीत.

त्यानंतर डाव्या कुशीवर स्टेथोस्कोप ठेवून कोठीपोटाची हालचाल ऐकतात. मोठ्या गाईचे कोठीपोट शंभर लिटरहून अधिक मावेल एवढे असते आणि निरोगी असताना मिनिटाला एकदा-दोनदा घुसळते. दूरच्या ढगांसारखा तो आवाज असतो. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांनी ती विश्वाच्या टोकाची कुजबुज ऐकणार आहे, प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजणार आहे. तिचे शत्रू म्हणजे रस्त्यावरचे ट्रक, वारा आणि भूकंपाचे बारीक धक्के. चिकित्सालयातल्या डॉक्टरला तेच काम छोट्या हत्तीचे इंजिन चालू असताना आणि मेहुणा बोलत असताना करायचे असते, आणि त्याच्याकडे भुजा दोनच असतात, त्याही आपल्याच.

काही उपचार पाहणाऱ्याला चमत्कार वाटतात. व्यायलेली गाय मान कुशीकडे वळवून आडवी पडते, कान गार लागतात, डोळे निस्तेज होतात. घरात रडारड सुरू होते. रक्तातले कॅल्शियम एकाएकी दुधात गेल्याने हे झालेले असते. डॉक्टर हृदयाचे ठोके ऐकत ऐकत शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडतात; घाई केली तर तेच हृदय थांबू शकते. बाटली संपते, गाय ढेकर देते, शेण टाकते आणि बऱ्याचदा तासाभराच्या आत उठून वासराकडे जाते. मालक थोडा वेळ भारावलेला असतो. मग त्याला वाटते, एका बाटलीचेच काम होते. आठ दिवस येरझारा घालूनही गाय वाचली नाही तर 'डॉक्टरनं लई केलं' असे गाव म्हणते. यावरून वैद्यकीय कीर्ती औषधाच्या गुणापेक्षा चपलांच्या झिजेवर ठरते, असा नियम काढता येतो.

जाळीपोट हा गाईचा दुसरा कप्पा म्हणजे विभागाचे वस्तुसंग्रहालय. गाय चावून खात नाही. आधी गिळते आणि चावायचे सवडीने पाहते. त्यामुळे वैरणीतला खिळा, तार, सुई सगळे आत जाते आणि जड म्हणून जाळीपोटात बसते. पोटाचा पडदा आणि त्यामागे हृदय तिथून जवळच, म्हणून तार पुढे सरकली की प्राणावर बेतते. उपाय म्हणून गाईला लोहचुंबक गिळायला देतात. तो पोटात कायमचा राहतो आणि खिळे धरून ठेवतो. कोणत्याही कार्यालयातल्या बदलीच्या प्रयत्नांपेक्षा तो चिवट असतो. प्लास्टिकला मात्र चुंबक चालत नाही. कुशीत छेद देऊन कोठीपोट उघडतात तेव्हा पिशव्या, दोऱ्या, वेष्टने किलोंच्या हिशेबाने निघतात. राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली. तिची अंमलबजावणी कुठपर्यंत झाली, याचा लेखी अहवाल शासनाकडे असतो आणि दुसरी प्रत गाईकडे.

पोळ्याचा हंगाम वेगळा. वर्षभर कडब्यावर राबलेल्या बैलाला त्या दिवशी पुरणपोळी, धान्य, आंबील असे कृतज्ञतेपोटी इतके चारतात की पिठूळ खाण्याने कोठीपोटात आम्ल होते आणि करीच्या दिवशी बैल डोळे मिटून उभा राहतो. शिंगे घासून रंगवताना एखाद्याला शिंग कलल्यासारखे दिसते. तो शिंगाचा कर्करोग असू शकतो. नांगरटीच्या देशी बैलांत तो आढळतो आणि वेळेत शिंग मुळापासून काढले तर बैल वाचतो. मालक विचारतो, "शिंग परत येईल का?" नाही म्हटल्यावर तो पुढच्या पोळ्याचा विचार करतो. इथे शल्यचिकित्सेच्या प्राध्यापकाला बेगड आणि गोंडे एकाच शिंगावर कसे बसतील, याचाही सल्ला द्यावा लागतो.

कुत्र्यांचा कक्ष अलीकडे गजबजला आहे. या जिल्ह्याला त्याची जुनी परंपरा आहे. नरसीच्या नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पशुआहाराच्या दृष्टीने तुपाला आक्षेप आहे. जादा स्निग्ध खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. धावण्याला मात्र कोणाचाच आक्षेप नाही. मालक वेळेत मागे धावत नाही म्हणूनच पुष्कळ रुग्ण हाताबाहेर जातात.

संशोधन हे तिसरे काम. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी जनावरांचे दोन गट करतात: एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही आणि तुलना करायची. दुसऱ्या गटाला नियंत्रण गट म्हणतात. ही कल्पना प्रयोगशाळेत सोपी असते. गावात 'तुमच्या म्हशीला काही द्यायचं नाही, नुसतं रक्त घ्यायचं' असे सांगितल्यावर नियंत्रण संशोधकाच्या हातून सुटते. शेळ्यांवरचा अभ्यास याहून नाजूक. रक्ताचे नमुने पहिल्या दिवशी, पंधराव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी घ्यायचे ठरते. मालक पैशाची नड पंधराव्या आणि तिसाव्या दिवसाच्या मध्ये काढतो. प्रबंधातल्या 'काही नमुने अभ्यासातून वगळण्यात आले' या वाक्यामागे पुष्कळदा आठवडी बाजार उभा असतो.

पैदासशास्त्राला या भागात लाल कंधारीसारखा विषय हाताशी आहे. नांदेडच्या कंधारवरून नाव पडलेली ही लाल रंगाची, ओढकामाला दणकट देशी जात. तिच्या वर्णनात रंग, कपाळ, बांधा, डोळ्यांभोवतीचे काळे वलय असे सगळे येते. वधूवर सूचक मंडळाच्या नोंदवहीत फक्त पगाराचा रकाना जास्त असतो. प्रजनन विभागाचा मोठा विषय म्हणजे म्हशीचा मुका माज. गाय माजावर आली की हंबरून गाव जागे करते. म्हैस, विशेषतः उन्हाळ्यात, ते कळूच देत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, असा नियम आहे. त्यासाठी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वीर्यकांड्या जपून ठेवलेल्या असतात. बाहेर मे महिन्याचे ऊन रणरणत असते. दोन टोकांच्या या तापमानांमध्ये म्हैस डबक्यात बसून असते आणि काही बोलत नाही. एक संधी गेली की एकवीस दिवस थांबायचे.

या शास्त्राचे मोठे विजय मात्र खरेच मोठे आहेत आणि ते फारसे कोणाला आठवत नाहीत. बुळकांडीने एके काळी गोठेच्या गोठे रिकामे केले. लसीकरणाने ती हटवत आणली आणि २०११ साली जगातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर असा समूळ गेलेला हा दुसराच रोग. आजचा विद्यार्थी त्याच्यावर कुरकुरतो, कारण पाहायला न मिळणारा रोगही परीक्षेला येतो. २०२२ साली लम्पी राज्यभर पसरला, जनावरांचे बाजार बंद झाले, अनेकांच्या दावणी मोकळ्या झाल्या. तेव्हा गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याने ती चालते, हे शास्त्र. 'शेळीचं औषध गाईला कसं लागू पडेल' ही शंका गावोगाव निघाली, आणि तिचे उत्तर देता देता सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापन, लसीचे संशोधन आणि गाईचा उपचार ही तिन्ही कामे एकाच गोठ्यात, एकाच वेळी, उभ्या उभ्या झाली. विद्यापीठाच्या रचनेत जे अपेक्षित असते ते हेच.

राहिला रुग्ण बरा झाल्याचा दाखला. माणूस पेढे आणतो किंवा बिलावर भांडतो. जनावर यांतले काही करत नाही. पहिली खूण रवंथ. चारा न खाणारी गाय निवांत बसून जबडा हलवू लागली की डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यातून काढतात. मालक तेव्हा नागनाथाला हात जोडतो, कारण नवस त्यानेच बोललेला असतो आणि डॉक्टरने तो बोललेला नसतो. दुसरी आणि शेवटची खूण शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी मिळते. आठवडाभर निपचित उभी असलेली गाय या वेळी कान मागे घेते आणि नेमकी लाथ घालते. अंगात ताकद आली, वेदनेची जाणीव परतली, नेम शाबूत आहे, हे सगळे निष्कर्ष त्या एका कृतीतून निघतात. मराठीत दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हटल्या आहेत. व्यवहारात त्यांची वाटणी झालेली असते: दूध मालकाकडे जाते आणि लाथ डॉक्टरकडे. केसपेपरवर 'रुग्ण बरा, घरी सोडले' असा शेरा पडतो, छोटा हत्ती सुरू होतो, आणि पुढची म्हैस खोड्यात येते.